शेवटून येणारी पावले

जो आपल्यासोबत निघाला, त्याला सोबत घेऊनच परतावे, हा साधा धर्म आहे. तो मोडणाऱ्यास शासन कोण करते, हे मला ज्ञात नाही. मात्र हा प्रसंग अक्षरशः खरा आहे. बबिता माझ्या धाकट्या बहिणीची सून.

मागच्या वेळ अमावास्येची पहाट. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात; त्या दिवशी मिश्र भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील घेऊन सारे शेतात पूजेला जातात.

रेणापूरहून लातूरकडे जाणारा रस्ता. दाट धुके.

अंगणवाडीत शिकवणारी बबिता प्रथमच दहा किलोमीटर धावणार होती. जमले नाही, तर धावणाऱ्यांच्या गटात तिला स्थान नव्हते. गटप्रमुख मल्लिनाथांनी तसे बजावलेच होते.

"आज येळवस हाय. भज्जी-आंबील घेऊन शेतात जायचंय. कुणासाठी थांबायचं न्हाई!"

"हाव, ताईंच्या वाट्याची भज्जी आपणच खाऊ," कुणीतरी हसले.

नवख्याची चूक बबितानेही केली. सर्वांना गाठण्यासाठी आरंभीच जीव तोडून धावली. पुलापाशी बरगडीखाली कळ उठली. पुढच्यांचे आवाज धुक्यात विरले.

मग मागून पावले ऐकू आली...

अगदी संथ.

"लई घाई करायलीस, बाई. बोलता येईल इतकंच पळ. श्वास पुरता सोड."

स्वर स्त्रीचा. थकलेला, पण मायेचा.

बबिताने तसे केले. कळ शमली.

"आता चढ हाय. पाऊल बारीक टाक."

"तुम्ही या की पुढं."

"मी शेवटचीच."

बबिता वळली...

रस्ता रिकामा होता. कडेच्या ओल्या धुळीत तिच्या एकटीचेच ठसे.

"वळू नको." स्वर पुन्हा पाठीमागूनच आला. "घरी जा तू."

ती पोहोचली. दहा किलोमीटर पुरे झाले होते.

चहाच्या टपरीवर तिने विचारले, "माझ्या मागं कोण होतं? त्यांनीच शिकवत आणलं मला."

सर्वांनी पेले खाली ठेवले.

"रूपाली..." गटातली शिवकांता पुटपुटली. "मागच्या वर्षी, आजच्याच दिवशी. नवीनच होती. मागं राहिली. आम्हाला शेताची घाई. दुपारी त्या पुलापाशी सापडली... गार पडलेली."

"तिनंच 'व्हा पुढं' म्हणलं होतं," मल्लिनाथ तुटकपणे बोलले. "जाऊ द्या ते. बबिताताई, आजपासून तुम्ही आपल्यातल्या."

ज्या शब्दांसाठी ती सहा महिने झिजली, ते ऐकताना तिचे तोंड कडू झाले.

घरून आंबिलीचा तांब्या नेऊन तिने पुलापाशी ठेवला.

गट आजही धावतो. कुणी वळून पाहत नाही.

बबिता मुद्दाम सर्वांत मागे राहते, त्या बाईला शेवटचे राहावे लागू नये म्हणून. पण ती कितीही हळू धावली, तरी पुलानंतर...

तिच्या मागे कुणीतरी असतेच.

त्या पावलांना एकदा तरी आपले घर लाभो. आणि जे पुढे निघून गेले, त्यांचेही कल्याण असो.