पडद्याच्या अलीकडे

ताईच्या मते जगातल्या निम्म्या अडचणी खळीने सुटतात आणि उरलेल्या निम्म्या झोपेने. पुस्तकं बांधायचा तिचा धंदा. फाटकी पानं असोत की निखळलेले पुठ्ठे, सगळ्यांवर एकच औषध. त्यामुळे खिडकीचा प्रश्न आला तेव्हाही तिने आधी पातेलं गॅसवर चढवलं.

प्रश्न साधा होता, पण सुटत नव्हता. खोली चौथ्या मजल्यावर, आणि समोरची इमारत इतकी जवळ की समोरच्या काकूंच्या कढईत काय आहे ते वासाआधी डोळ्यांना कळायचं. काकूंनाही अर्थातच इकडचं सगळं कळायचं. खिडकीला लागून पलंग आणि पलंगावर धाकटी. लांबलेल्या आजारपणात तिचे केस गेले होते, अंगावर मूठभरही मांस उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, उजेडात ठेवा. धाकटी म्हणायची, मला कुणी बघायला नको. पडदा ओढला की खोलीची कोठी व्हायची, सारला की समोर काकू. आईवडलांच्या माघारी ताईला ही एकच बहीण होती, आणि पडद्याच्या त्या ओढाओढीत ती डोळ्यांदेखत विझत चालली होती.

"आडोसाही हवा आणि उजेडही," खळ ढवळत ताई म्हणाली. "म्हणजे नवरा कमावताही हवा आणि दिवसभर घरीही हवा."

"तुला दोन्हीतला एकही मिळाला नाही," उशीतून आवाज आला. "तू आपली खळ ढवळ."

ताईने जुनी मलमलची पांढरी ओढणी काढली. ओलं कापड वाळताना आखडतं म्हणून दोन बोटं जास्त ठेवून खालच्या तावदानांच्या मापाने कापली. काचेला आतून खळ फासली, वर कापड बसवलं आणि लाकडी पट्टीने मधून कडेकडे दाबत हवेचे फुगे बाहेर काढले. एका कोपऱ्यातले काही फुगे मात्र हटून बसले. असू देत, ती म्हणाली, दृष्ट लागायला नको.

कापड वाळलं आणि खोलीत सायीसारखा उजेड पसरला. तो आत यायचा, पण कुठून आला ते सांगायचा नाही. भिंती लांब गेल्यासारख्या वाटायच्या. रस्त्याचा गोंगाट दुसऱ्याच कुणाच्या गावातला असावा तसा यायचा. धाकटी त्या उजेडात गाढ झोपली आणि उठल्या उठल्या म्हणाली, "भूक लागली." ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. किती महिन्यांनी ऐकला होता हा शब्द!

कोपऱ्यातले फुगे नाहीसे झाले ते तिच्या उशिरानेच लक्षात आलं. वाळताना बसले असतील, तिने मनाशी म्हटलं. मग एका दुपारी कापडाखाली नवा फुगा दिसला. ती बघत असतानाच तो सरकू लागला. सावकाश, सरळ, मधून कडेकडे. कुणीतरी हाताने दाबत न्यावा तसा. कडेला पोचला आणि नाहीसा झाला.

"पाहिलंस?" ताईने विचारलं.

"हो," धाकटी हसून म्हणाली. तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

ताईने स्टुलावर चढून वरच्या मोकळ्या काचेतून पाहिलं. बाहेर ना कठडा, ना पाइप. खाली चार मजले नुसती हवा होती.

धाकटी मात्र सुधारत होती. गालांवर रंग आला, डोक्यावर काळे कोंब फुटले. वाढलेलं सगळं ती मुकाट्याने संपवायची. फक्त ताईची टिंगल करत नव्हती. बरं वाटायला लागलं की माणूस शहाणं होतं, असं म्हणून ताईने तेही गोड मानून घेतलं.

काकू औषधांच्या दुकानात भेटल्या.

"कापड लावलंत, छान केलंत. आता तुमच्या खोलीतलं मला काही दिसत नाही."

"तेवढ्यासाठीच तर लावलं," ताई हसली.

काकू हसल्या नाहीत. "पण तिला सांगा, कापडाच्या अलीकडे बसत जाऊ नकोस."

"अलीकडे म्हणजे?"

"म्हणजे माझ्या बाजूला. दुपारभर बसलेली असते, किती वाळलीय पोर! आणि काल रडत होती. मी विचारलं, काय गं झालं? तर म्हणाली, ताईला हाका मारतेय, तिला ऐकूच जात नाही."

"काकू, तिथे बसायला जागा कुठे आहे?"

"तेच मी म्हणतेय," काकू म्हणाल्या आणि पिशवी सावरत निघून गेल्या.

ताई जिने धावत चढली. धाकटी पलंगावर होती, सफरचंद खात होती. दात किती पांढरे दिसत होते तिचे. सगळं ठीक होतं. म्हातारीला भास झाला असेल, ताईने स्वतःला बजावलं.

तरी तिने ओलं फडकं घेतलं आणि कापड भिजवायला सुरुवात केली.

खळ विरघळली. मलमल पारदर्शक झाली. काचेच्या बाहेरच्या बाजूला एक तळवा टेकलेला होता.

हाडकुळा, लहानसा. ताईने तो हात पाळण्यात असल्यापासून धरला होता.

"आले गं, आले," ती पुटपुटली. कापड निघालं की वाट मोकळी होईल, एवढंच तिला सुचलं. तिने दोन्ही मुठींत कापड धरून एका ओढीत उतरवलं.

स्वच्छ काच. पलीकडे काकूंची बंद खिडकी. मध्ये कुणी नव्हतं.

ताईने खिडकी उघडून हाक मारली. मग परत मारली.

मागे पलंग करकरला. जन्मात जिने ताईला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं, तिच्याच आवाजात कुणीतरी मायेने बोललं.

"ताई, दमलात तुम्ही. बसा ना."

आणि पाहुण्याला द्यावी तशी तिने पलंगाच्या कडेला जागा करून दिली.