पोचवायला आलेला म्हातारा

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी आमच्या घरी यावं. पुढच्या खोलीत एकदा बसून दाखवावं. मग बोलू.

गेल्या पौषातला रविवार. जागा, गंगाखेडजवळ गोदावरीच्या काठचं एक ओसाड जुनं गाव. नाव सांगत नाही, कारण वरच्या नव्या गावात माणसं राहतात.

माझ्या नवऱ्याला, शंतनूला, सायकलचं खूळ लागलं होतं. हेल्मेट, हातमोजे, सगळा थाट. दर रविवारी एखादं जुनं देऊळ नाहीतर बारव गाठायची आणि फोटो काढायचे. त्या दिवशी मीही सायकल काढली, कारण मला त्याच्याशी बोलायचं होतं. घरात विषय काढला की तो उठून जायचा.

विषय एकच. माझे सासरे.

सासूबाई गेल्यापासून व्यंकटराव पेडगावला एकटेच राहतात. डोळ्यांना नीट दिसत नाही. चूल पेटवताना एकदा हात भाजून घेतला. इकडे आमची पुढची खोली रिकामी. दिवाण, गादी, चादर, सगळं मी मांडून ठेवलेलं. मुलाने जाऊन "चला बाबा" म्हणायचं तेवढं बाकी होतं. ते काही त्याच्या तोंडून निघत नव्हतं. कॉलेजची परीक्षा होऊ दे, थंडी सरू दे... आणि सासरे मानी. मुलाने बोलावल्याशिवाय यायचे नाहीत.

धारासूरचं देऊळ पाहिलं, डबा खाल्ला. मी विषय काढला. शंतनू म्हणाला, आज नको, दिवस चांगला चाललाय.

परतताना त्याने नदीकडची वाट धरली. जुन्या गावातली बारव बघायची होती. फार मागे मोठा पूर आला तेव्हा गाव उठून वर माळावर गेलं, ते परत खाली आलंच नाही. मागे राहिल्या पडक्या भिंती, बाभळी आणि ही बारव.

उन्हं उतरली होती. एकही पाखरू ओरडत नव्हतं.

बारवेच्या पायरीवर... एक म्हातारा बसला होता.

धोतर, डोक्याला पटका. पाय गुडघ्यापर्यंत गाळाने माखलेले. ओल्या गाळाने. उसाला पाणी देऊन आला असेल, असं मला वाटलं.

त्याने आम्हाला सगळी बारव दाखवली. कोनाडे दाखवले, कुणाचं घर कुठे होतं ते सांगितलं. आम्ही निघालो तसा तोही उठला. शिवेपर्यंत येतो म्हणाला.

आमच्याकडे ही रीतच आहे. पाहुण्याला गावच्या शिवेपर्यंत पोचवायला जायचं. आणि पाहुण्याने तिथे थांबून म्हणायचं, बास, फिरा आता माघारी. पाहुण्याने तसं म्हटल्याशिवाय पोचवणारा फिरत नाही.

आम्ही सायकली हातात धरून चालू लागलो. वाटेवर उसाचं वाळलेलं पाचट पसरलं होतं. माझ्या पायाखाली करकर. शंतनूच्या पायाखाली करकर.

तो आमच्या मधून चालत होता, आणि त्याच्या पायाखाली... काहीच वाजत नव्हतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, घरची माणसं कुठे असतात?

"वर हायत, नव्या गावात," तो म्हणाला. "पाणी चढायलंय म्हणून समदे निघाले. बैलं नेली, शेरडं नेली. मला चल म्हणलं न्हाई कुणी. मी बसलो वाट बघत."

मी शंतनूकडे पाहिलं. तो सायकलच्या चेनकडे बघत होता.

शीव आली. शेंदूर फासलेला धोंडा होता. म्हातारा थांबला आणि आमच्या तोंडाकडे बघत राहिला.

शंतनू हसून म्हणाला, "या की बाबा एकदा आमच्या घरी. गंगाखेडला. पुढची खोली रिकामीच आहे."

रिकामीच आहे! स्वतःच्या बापाला जे इतक्या दिवसांत म्हणता आलं नाही, ते वाटेवरच्या माणसाला किती सहज म्हणाला. मला असा संताप आला की पुढचं काही न बोलता मी सायकलवर टांग टाकली.

थोडं पुढे जाऊन मागे पाहिलं.

सरळ वाट. दोन्हीकडे कापलेलं रान. आणि शिवेवर... कुणीच नाही.

वर नव्या गावात दगडाबाई म्हणून एका बाईंचं चहाचं हॉटेल आहे. शंतनूने त्यांना मोठ्या कौतुकाने म्हाताऱ्याचं सांगितलं. त्यांचा हात थांबला. पायाला गाळ होता का, त्यांनी विचारलं. होता, मी म्हणाले.

"पूर वसरल्यावर त्याची पोरं गेली व्हती खाली. घावला न्हाई," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "माघारी फिरा म्हणलात ना त्याला?"

शंतनू म्हणाला, नाही, घरी या म्हणालो.

त्यांनी स्टोव्ह बंद केला. चहा दिला नाही. आम्ही निघेपर्यंत पाठ करून उभ्या राहिल्या.

त्याच संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते. पुढच्या खोलीतून... खाकरल्याचा आवाज आला.

खोलीत कुणी नव्हतं. चादर मात्र कुणी बसून उठावं तशी चुरगळली होती. दिवाणाखाली फरशीवर गाळ. मी पुसला. सकाळी परत होता, ओलाच.

तेव्हापासून हे रोजचं झालं. शंतनू त्या खोलीत पाऊल टाकेना. आणि त्याला नवं कारण मिळालं. अशा घरात बाबांना कसं आणायचं?

मी हट्टाला पेटले. पेडगावला फोन लावला आणि सासऱ्यांना सांगितलं, तुमचा मुलगा बोलावतोय.

दुसऱ्याच दिवशी ते एसटीने आले. धुवट धोतर, हातात पिशवी, चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. शंतनू कॉलेजला शिकवायला गेला होता. भर दुपारी मी त्यांना हात धरून घरी आणलं. पुढच्या खोलीचं दार उघडलं.

ते उंबऱ्यातच थांबले.

ज्यांना माझा चेहरासुद्धा धड दिसत नाही, त्यांनी दिवाणाकडे बघून... हात जोडले.

"बसा, बसा. उठू नका," ते म्हणाले.

कोण आहे बाबा, मी विचारलं.

"हळू बोल माय. म्हातारं माणूस हाय. पायाचा गाळ बी वाळला न्हाई त्याच्या." मग त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "जागा न्हाई म्हणून फोनवरच सांगायचं व्हतं की. मला वाईट वाटलं नसतं."

मी रडले, पाया पडले, आतल्या खोलीत झोपा म्हणाले. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मला माझं घर हाय, म्हणाले, त्याला कुठं हाय? आल्या पावली ते स्टँडकडे निघाले. त्यानंतर मी किती फोन केले. विषय काढला की ते आता उसाचं, हवेचं बोलतात.

संध्याकाळी शंतनू आला. मी सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "गेले का बाबा परत?"

गेले, मी म्हणाले.

तो हातपाय धुऊन जेवायला बसला. पुढच्या खोलीतून खाकरल्याचा आवाज आला.

शंतनूने मान वर केली नाही. बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी तो पोटभर जेवला.