डावं बटण

दुपारी दोन वाजता ताईनं मला भाओजींना गोळी द्यायला घरी पिटाळलं. तिला येणं शक्य नव्हतं, कारखान्यातली पाळी चारला सुटायची. दिवा जरा जवळ घ्या, सांगतो.

ताई भाओजींच्याच पत्रा ठोकायच्या प्रेसवर होती. त्या प्रेसला दोन बटणं, डावं आणि उजवं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा पत्र्यावर आदळतो, म्हणजे हात साच्यात सापडत नाहीत. पण काम उरकावं म्हणून सगळेच डाव्या बटणात लाकडी पाचर मारून ते दाबलेलंच ठेवायचे. उजव्या हातानं बटण, डाव्यानं पत्रा. भाओजींच्या प्रेसवर पाचर ठोकणारा फिटर मीच. "काय फिटरसाहेब, भाओजीच्या कामाला मुहूर्त लागतो होय?" भाओजींनीच चिडवलं आणि मी हसत हसत ठोकली. आठवड्याभरात त्यांच्या डाव्या हाताची चार बोटं गेली.

त्यांच्या जागी ताई लागली. पाचर मी अपघात झाल्या झाल्या काढून टाकली होती. तरी तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "अरे, मी डाव्या बटणाला हात लावायच्या आतच ठोका पडतो."

रिकाम्या प्रेसवर मी नुसतं उजवं बटण दाबलं. डावं आपोआप आत गेलं... हळूच. धाडकन ठोका पडला. तारा तपासल्या, सगळं ठीक. मग गोळी द्यायला गेलो त्याच दिवशी सकाळी ते बटणच बदललं, दहादा तपासलं आणि ताईला म्हणालो, "आता निर्धास्त बस."

घरात मलमाचा वास कोंदला होता. कारखाना गल्लीच्या टोकाला, त्यामुळे ठोके खोलीत ऐकू येत. भाओजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. बँडेजचा हात पांघरुणावर खाली दबायचा, आणि लगेच ठोका यायचा. पुन्हा हात. पुन्हा ठोका.

"भाओजी... गोळी."

"बोटं दुखतात रे."

"ती... नाहीत आता."

"माहितीय. तरी बटणावरच असतात. उचलायला बघतो... उचलत नाहीत." ते माझ्याकडे वळले. "आज मात्र बरंय. नवं बटण हलकं आहे. जोर लागत नाही."

बटण बदलल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गोळी हातातून पडली. मी दाराकडे धावलो. मागे पांघरूण सरकलं, ठोका आला. पुढचा आलाच नाही.

ताई वाचली. डावा हात नाही वाचला. माझं तोंड बघायची तिची इच्छा नसते, तरी मी रोज जातो. पाचर मी मारली होती, दुसऱ्या कुणी नाही.

ती प्रेस कंपनीनं विकून टाकली. कुणी नेली, कुठं लावली, ठाऊक नाही. पण दुपारी दोघं शेजारी शेजारी झोपतात, तेव्हा दोन्ही बँडेज पांघरुणावर एकदमच खाली दबतात. परवा ताई झोपेतच पुटपुटली, "उठा हो बाई... साच्यातून हात काढा."