बाईंचं राहिलेलं गाणं

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या बाबांच्या बाबतीत, मागच्या वर्षी, एका रविवारी भर दुपारी.

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मी कायम नाक मुरडत आले. आजही मला अंधाराची भीती वाटत नाही. भीती वाटते ती बंद दाराची.

बाबा जॅझ पियानोवादक. तरुणपणी हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवलं, मग वर्षानुवर्षं एका गायिकेला साथ केली आणि केस पिकल्यावर संगीत शाळेत शिकवायला लागले. त्या गायिकेला आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणायचो.

"यांचा संसार पियानोशी, मी आपली डबे भरायला!" आई चिडवायची.

विद्यार्थ्यांना बाबांचं एकच सांगणं असे. "गाणारा थांबेपर्यंत साथ सोडायची नाही. तो चुकला तरी, विसरला तरी."

बाईंच्या शेवटच्या कार्यक्रमात, ऐन शेवटच्या गाण्यात वीज गेली. माईक बंद, लोक उठले. गाणं अर्धवट राहिलं आणि आठवड्याभरात बाई गेल्या. त्यानंतर बाबांनी ते गाणं कधी वाजवलं नाही.

त्या रविवारी बाबा जेवायला आले नाहीत. फोन उचलेनात. नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेला, त्यामुळे माझा जीव टांगणीला. मी तडक शाळा गाठली.

वॉचमन निवांत बसला होता. "सर खाली तळघरात आहेत. सकाळपासून बाईंचं गाणं चाललंय. काय आवाज आहे हो!"

"कोणत्या बाई?"

"आत जाताना नाही बघितलं. नुसतं ऐकतोय."



मी खाली धावले. आवाज अडवायला गादी लावलेलं जाड दार ढकललं. ते माझ्यामागे आपोआप बंद झालं.

आत बाबा एकटेच होते.

वाजवत होते... तेच गाणं.

शर्ट घामाने चिंब. बोटं सुजलेली. आणि प्रत्येक ओळीनंतर ते थोडी जागा सोडत होते... कुणीतरी श्वास घ्यावा एवढी.

"बाबा, बस करा!"

"श्श. त्या गातायत."

मला पियानोशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं.

मी त्यांचे हात ओढले. हलेनात. दाराकडे धावले, तर मूठ नुसतीच गरगर फिरली. खिडकी नाही. फोनला रेंज नाही. मी दार बडवत राहिले.

"छातीत दुखतंय गं," बाबा म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता. हात मात्र चालूच.

हे गाणं संपलं नाही तर बाबा संपतील, एवढंच मला कळत होतं.

मग मीच शेवटची ओळ म्हटली. मोठ्याने. लय कमी करत नेली, शेवटचा सूर लांबवला. बाबांनी मला साथ दिली... आणि हात उचलले.

शांतता.

मला रडूच फुटलं. "सुटलात हो बाबा!"

ते माझ्या खांद्यामागे बघत होते.

"काय केलंस हे?" ते पुटपुटले. "त्या शेवटच्या ओळीपर्यंत आल्या होत्या गं. तू मध्येच..."

हात पुन्हा पट्ट्यांवर गेले.

"आता परत पहिल्यापासून."

वॉचमनने दार उघडलं तोवर बाबा कोसळले होते. त्याने खोलीभर नजर फिरवली. "बाई कुठे गेल्या?"

बाबा वाचले. पण बोलत नाहीत, कुणाला ओळखत नाहीत. चादरीवर त्यांची बोटं दिवसभर चालतात. डॉक्टर म्हणतात, कंप आहे. मी बाबांकडेच पियानो शिकले, मला बोटांवरून गाणं कळतं. मधली श्वासाची जागाही कळते.

काल दुपारी बोटं शेवटच्या ओळीवर आली. मी तोंडावर हात दाबून बसले. दोनच सूर राहिले होते...

दार उघडलं. "आजोबा, गोळी घ्यायची ना?" सिस्टर हसून म्हणाली.

बोटं थबकली.

आणि पहिल्यापासून सुरू झाली.

मी त्या बिचारीच्या अंगावर खेकसले. का, ते तिला कसं सांगणार?