करंगळीचा आधार

विद्यापीठाच्या सराव-दालनात नर्सिंगच्या मुली रबरी हातांवर सलाईनची सुई लावत होत्या. सुई टेकण्याआधी प्रत्येकीची करंगळी त्या रबरी मनगटावर विसावली. प्रा. वैजयंती ढोबळे बघतच राहिल्या. त्यांच्या अभ्यासक्रमात ही करंगळी कुठेच नव्हती.

ती आली होती हस्तस्मृती मोज्यातून. रुग्णालयात रोझलिन सिस्टर सुई लावत, तेव्हा त्यांच्या हातातला मोजा बोटांची हालचाल टिपून घेई. विद्यार्थिनीने तसाच मोजा घातला की तो तिची बोटं त्याच वळणाने फिरवी. एरवी विद्यापीठ आणि वॉर्ड यांचा छत्तीसचा आकडा. इकडे शिकवायचं आणि तिकडे ‘ते पुस्तकात ठेवा’ म्हणून हसायचं. मोज्याने ते भांडण मिटवलं होतं. हात रोझलिनचा, शास्त्र वैजयंतींचं.

आणि करंगळी गुणाची निघाली. या तुकडीची सुई सहसा पहिल्याच खेपेला शिरेत जाई. मोजा राज्यभर धाडण्याआधी वैजयंतींनी तो स्वतःही घालून पाहिला आणि त्या हरखून वॉर्डात आल्या.

"सिस्टर, ही करंगळी गेल्या वर्षी नव्हती. कुठून काढलीत?"

"पोरींना जमतंय ना?"

"जमतंय म्हणजे काय! तुमच्या नावाने पद्धत म्हणून शिकवणार आहे. फक्त कारण सांगा."

रोझलिननी हातातला चहाचा कप खाली ठेवला, तशी बशी खडखडली.

"टेकवली नाही तर हात थरथरतो, मॅडम. दिवाळीपासून."

मोज्यात बारीक थरथर गाळणारी चाळणी वैजयंतींनीच बसवली होती, नोंद स्वच्छ यावी म्हणून. आजार चाळणीत अडकला, त्यावरचा उपाय तेवढा मुलींपर्यंत पोचला.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं की वॉर्ड सुटला. तीस वर्षं दुसरं काही केलं नाही मी."

"पण सुईखाली माणूस असतो, सिस्टर."

"म्हणून तर टेकवते. लपवा म्हणत नाही. उद्या जाते डॉक्टरांकडे. पण मला वॉर्डातून उठवल्यावर माझी करंगळी पोरींना शिकवाल, तेव्हा काय म्हणून शिकवाल? युक्ती, की दुखणं?"

वैजयंतींनी खाली पाहिलं, तर त्यांचीही करंगळी टेबलावर टेकलेली होती.