बारा बाइट

बिघाड रोज बरोबर बारा बाइटचा होता. अकराचा नाही, तेराचा नाही. खराब डिस्क इतकी नेमकी नसते.

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत मला दाजींनी बोलावलं होतं. ती त्यांनी आणि ताईनं मिळून उभारलेली. ताई वारली त्याला चौदा महिने झाले होते. डेटाबेसमधली एक नोंद रोज संध्याकाळी पावणेसहाला बिघडायची, आणि आदल्या दिवशी त्या नोंदीशेजारच्या रुग्णाचा रक्तगटच बदलला होता. वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं.

"हजेरी आणि अहवाल एकाच फाइलीत कोंबलेत तुम्ही, दाजी."

"तुझी ताईही हेच म्हणायची. मेहुणीनं तरी बाजू घ्यावी!"

मी डिस्क बदलली, मेमरी बदलली, नेटवर्कची वायर काढली. बिघाड आला तो आलाच. नोंद ताईच्या हजेरीची होती, निघण्याच्या वेळेची. तिचं नाव दाजींनी अजून काढलं नव्हतं. "बघू पुढच्या महिन्यात," म्हणायचे. वेळेसाठी जागा आठ बाइटची. उरलेले चार शेजारी सांडत होते.

ते बारा बाइट मी अक्षरांत वाचून पाहिले; देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, प्रत्येक मात्रेला तीन.

'येते'.

पावणेसहाला दाजींजवळ जाऊन बसले. ते नळ्यांना झाकणं लावत होते. स्पिरिटचा वास, यंत्राची मंद घरघर. मान वर न करता ते दाराच्या दिशेनं हळूच म्हणाले, "ये."

पडद्यावर नोंद उमटली होती. त्यांच्या शब्दाच्या दोन सेकंद आधीची. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"कुणाला म्हणालात?"

"सवय गं. ती माझ्याआधी निघायची, मग मी..."

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"रोज निघते ती," ते म्हणाले. "आणि मी रोज तिला परत..."

"हो. उद्या कुणाचा अहवाल बिघडेल, सांगता येत नाही, दाजी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साडेपाचलाच काम आवरलं आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले.

पावणेसहा.

बारा बाइट उमटले.

दाराची मूठ अर्धी वळून थांबली होती, उत्तराची वाट पाहत असल्यासारखी.

दाजींचे ओठ सवयीनं हलले. मिटले.

"जा गं," ते म्हणाले. "सावकाश जा."