शांतता, अजून एकदा

मिठागराच्या बांधावर तो मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्याच्या हातात लांब काठी होती, काठीच्या टोकाला केसाळ मांजरासारखा माईक होता, आणि ते मांजर माझ्या आजाच्या नाकासमोर लोंबत होतं.

"ओ! कोण तुम्ही? कुणाला विचारून शूटिंग करताय?"

"आजोबांना विचारून." तो हसला. गालाला खळी पडली. असल्या खळ्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. "मी सार्थक. शांती नगरला राहतो. स्वातंत्र्याची पंचाहत्तरी आहे ना, पालिका आपल्या शहराच्या इतिहासावर छोट्या फिल्म्स करतेय. तुमच्या मुर्धा गावच्या मिठागराची माझ्याकडे आलीय."

"मागचेही असंच गोड बोलले होते."

मागचे म्हणजे एक कंपनी. वर्षापूर्वी कॅमेरा घेऊन आली होती. माझा आजा, धर्माजी, जन्मभर मीठ पिकवलेला माणूस. बोलता बोलता म्हणाला, "मिठागरान आता काय हाय?" जरा थांबला. मग म्हणाला, "आमचा जीव हाय तिथं." त्यांनी पहिलं वाक्य ठेवलं आणि दुसरं कापलं. तो व्हिडिओ गावभर फिरला आणि धर्माजी मिठागर विकायला निघाला अशी बोंब झाली. तेव्हापासून आजा देवळाच्या कट्ट्यावर बसायला गेलेला नाही.

म्हणून मे महिन्यातले सगळे रविवार मी पहाऱ्याला बसले. आजा याही वेळी तेच बोलला, मध्ये तसाच थांबला. मी सार्थककडे डोळे वटारून बघत होते. तोही बघत होता... कॅमेऱ्याकडे कमी, माझ्याकडे जास्त. माझा संशय आणखी वाढला.

बोलणं संपलं की तो म्हणायचा, "आता मिनिटभर कोणी बोलू नका. नुसती शांतता रेकॉर्ड करायचीय."

"ती कशाला?"

"दोन वाक्यांच्या मध्ये टाकायला. म्हणजे कापलेलं कळत नाही."

मी ताडकन उठले. "म्हणजे तुम्हीही कापणार!"

"कापणार. सगळेच कापतात. पण आजोबांचं वाक्य तोडणार नाही." मग हळूच, "लबाड माणूस एवढं खरं सांगेल का?"

"हुशार लबाड सांगेल."

आजा मिशीत हसला. "बस गं बाय. पोरगा बरा हाय."

सार्थकने कानाला हेडफोन लावले. वारा, लांबून बगळ्याचा आवाज... आणि चुलतबहिणीच्या हळदीत भरलेल्या माझ्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या.

"बांगड्या वाजल्या. अजून एकदा."

"काढून ठेवू?"

"नको! म्हणजे... असू दे. फक्त हलू नका."

मी दगडासारखी बसले. तरी तेच, "अजून एकदा."

"आता काय वाजलं?"

"तुमचा श्वास."

मला हसू आलं. ते दाबलं, तर त्याचाही आवाज झाला म्हणे.

मे संपता संपता आमचं 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि मग तो यायचा बंद झाला. फिल्म आधी दाखव म्हटलं, तर फोनवर, "सगळ्यांबरोबरच बघ ना." लपवायचं नसतं तर दाखवली असती! मला त्याची आठवण येत होती, आणि त्या आठवणीचाच भयंकर राग येत होता.

ऑगस्टमध्ये पालिकेच्या सभागृहात सगळं मुर्धं गाव जमलं होतं. आजा यायला तयारच नव्हता. मी हाताला धरून आणला. पडद्यावर तो बोलू लागला.

"मिठागरान आता काय हाय?"

पुढे काहीच नाही. मागे कुजबुज सुरू झाली, कोणीतरी खाकरलं. कापलं, मेल्याने कापलं! माझे डोळे भरून आले. आजाने मान खाली घातली. पण पडद्यावरचा आजा तसाच मिठागराकडे बघत होता. वारा वाहत होता. त्या शांततेत माझी बांगडी वाजली. त्याने तीही ठेवली होती.

"आमचा जीव हाय तिथं."

मागच्या रांगेतून कट्ट्यावरचे विठूकाका ओरडले, "धर्माजी, उद्या कट्ट्यावर ये रं!"

आजाने माझा हात घट्ट दाबला.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. सार्थक पायऱ्यांवर उभा होता, सगळ्यांपासून लांब.

"आधी दाखवली असती तर काय बिघडलं असतं?"

"तू फोनवर बघितली असतीस. मला वाटत होतं, आजोबांनी ती गावासमोर बघावी."

मी दुसरं काढलं. "आणि त्या एवढ्या शांतता? कुठे वापरल्यास?"

तो आपल्या ओल्या बुटांकडे बघू लागला. "एकही नाही. फिल्ममधली शांतता आजोबांचीच, ते थांबले तेव्हाची. कापायची वेळच आली नाही. आणि खरं तर... बांगड्यांनंतरची पहिलीच नीट आली होती."

"मग बाकीच्या?"

"नीट आली म्हटलं असतं, तर तू उठून घरी गेली असतीस."

म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा माझा संशय खरा निघाला. माणूस लबाडच होता.

"आवडतेस तू मला," तो म्हणाला.

मी पावसाकडे बघत राहिले.

"निशिगंधा, काहीतरी बोल ना..."

"शांतता," मी त्याचा हात धरत म्हटलं, "अजून एकदा."

बांगड्या वाजल्या. या वेळी त्याने काही तक्रार केली नाही.